सोफ्याचा अध्याय

विनोदाचं पुस्तक पाय धुऊन, पाटावर मांडी घालून, पोथीच्या चालीवर वाचणारा माणूस अख्ख्या जुन्नर तालुक्यात एकच होऊन गेला, आणि तो माझा थोरला साडू होता. आमच्या सगळ्या पाहुण्यारावळ्यांना ही हकिगत पाठ आहे, कारण लग्नकार्यात जेवणं झाली की ती रंगवून सांगणारा मीच. आता साडू नाहीत, माझंही वय झालं. मी सांगत आलो ती हकिगत अर्धीच होती. उरलेली सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

साडू मढचे. थोडी भातशेती, दोन म्हशी आणि श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी वाचायचा मान. या मानामुळे त्यांच्या अंगात असं काही मुरलं होतं, की छापलेलं अक्षर दिसलं की ते पहिल्यापासून शेवटपर्यंत, मोठ्यानं आणि एकाच सुरात वाचायचं. भजी गार होऊन जायची, पण पुड्याच्या कागदावरची बातमी ते अर्धवट सोडत नसत. बातमी फाटलेली निघाली, तर उरलेला तुकडा मागायला पुन्हा दुकानात जात. एकदा नारायणगावच्या स्टँडवर भीमाशंकरच्या गाडीत उगाच चढून खिडक्यांवरच्या सगळ्या सूचना वाचत बसले आणि मढची गाडी डोळ्यांदेखत निघून गेली. याचं त्यांना काही वाटलं नाही. एक सूचना राहून गेली, एवढंच म्हणाले.

वारूळवाडीला आमच्या घरी तेव्हा नवा टीव्ही आला होता. एका विनोदी नटाचा कार्यक्रम लागायचा आणि तो बघायला साडू आणि अक्का मुद्दाम मुक्कामाला यायचे. अक्का म्हणजे साडूंची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. आम्ही सगळे हसून लोळायचो. साडू मात्र कीर्तनाला बसल्यासारखे ताठ, आणि मधूनच गंभीरपणे विचारायचे, "ह्या माणसाला नक्की झालंय काय?" की अक्का पोट धरून उठायच्या, अंगणात जाऊन हसून यायच्या.

मग एका वर्षी अक्कांच्या तोंडावरून वारं गेलं. डावा गाल लोंबला, ओठ वाकडा झाला. डॉक्टरांनी सांगितलं, बोला, हसा, गाल फुगवा, नाहीतर आहे तसंच राहील. अक्कांनी बरोबर उलटं केलं. पदर तोंडावर ओढला आणि आतल्या खोलीत जाऊन बसल्या. बोलणं मानेनं. ज्यांचं हसणं विहिरीपर्यंत ऐकू जायचं, त्यांच्या घरात नुसता भांड्यांचा आवाज. साडूंनी काही दिवस पाहिलं आणि एका सकाळी नारायणगावला येऊन स्टँडवरच्या स्टॉलवरून पुस्तक घेतलं. त्याच टीव्हीवरच्या नटानं लिहिलेले विनोदी लेख. मुखपृष्ठावर तो जीभ बाहेर काढून उभा होता.

मी योगायोगानं त्या दिवशी त्यांच्याबरोबर मढला गेलो. पाहतो तर ओटीवर पाट, चौरंगावर लाल फडकं आणि त्यावर तो जीभ काढलेला नट. पाट मांडलेला बघून शेजारच्या बायका आपसूक येऊन बसल्या. पोथीला एकानं वाचायचं आणि दुसऱ्यानं अर्थ सांगायचा अशी तिकडची रीत; दुसरं काम पाहुणा म्हणून माझ्या गळ्यात आलं. साडूंनी हात जोडून सुरुवात केली ती मुद्रकाच्या नावापासून. मग छापखान्याचा पत्ता, मग किंमत, आणि "सर्व हक्क राखीव" हे तर असं आळवलं की एका म्हातारीनं हात जोडले. पहिला लेख होता सोफ्याचा. नव्या घरात सोफा दारातून आत जाईना, बिऱ्हाडकरू जिन्यात जमून सल्ले देतात, असा काहीतरी. साडू ओवीसारखं गात होते आणि मी घाम पुसत सांगत होतो, "सोफा म्हणजे इथं माणसाची हाव समजायची." म्हातारी म्हणाली, "लई खरं हाय." एकीनं पुस्तकापुढं मूठभर तांदूळ ठेवले.

आतल्या दाराचा पडदा हलायला लागला. साडूंनी मान वर केली नाही. सोफा तिसऱ्यांदा चौकटीत अडकला, तेव्हा पडद्यामागून आवाज आला, जाडसर, अडखळत, "आवं, आडवा करा की त्यो सोफा." आणि अक्का हसत बाहेर आल्या. पदर खांद्यावर, तोंड वाकडं, डोळ्यांत पाणी. साडू तेवढ्याच गंभीरपणे म्हणाले, "अध्याय चालू असताना मधी बोलू ने," आणि पुढची ओळ धरली.

लग्नांत मी इथंच थांबायचो. लोक हसायचे, "काय भोळा माणूस राव," म्हणायचे. साडू समोर बसून जिलबी खात मान डोलवायचे.

पण त्या दिवशी फाट्यावर गाडीची वाट बघताना मी त्यांना समजावायला गेलो होतो, की असलं पुस्तक जरा हसत खेळत वाचावं. ते म्हणाले, "पावणं, मला कळत न्हाई व्हय? तुमच्या टीव्हीला ती कवा हसली? ती माझ्या तोंडाकडं बघून हसायची. पर कुणाला बोलू नका. तिला कळलं, मी मुद्दाम करतोय, तर हसायची न्हाई." मी त्यांचं गुपित पाळलं आणि त्या आडोशानं त्यांना वर्षानुवर्षं भोळा ठरवून टाळ्या घेतल्या. त्यांच्या दहाव्याला नदीवर कुणी म्हणालं, भोळा जीव गेला. मी तिथंही मान डोलावली.

मागच्या आठवड्यात अक्का आमच्याकडे आल्या, पिशवीत ते पुस्तक. मी त्यांना सगळं सांगून टाकलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मला ठाव व्हतं." मग पुस्तक पुढं करून म्हणाल्या, वाचा. मी सोफ्याचा लेख काढला, नटासारखे आवाज काढून, थांबत थांबत वाचला. अक्कांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "चांगलं वाचता तुमी," म्हणाल्या, आणि थोड्या वेळानं, "पर पहिल्यापासनं वाचा की."

मी पानं मागं उलटली, मांडी घातली आणि मुद्रकाच्या नावापासून एका सुरात सुरुवात केली. छापखान्याचा पत्ता झाला. किमतीवर आलो तेव्हा अक्का हसल्या. ओठ अजून जरासा वाकडा होता. पदर खांद्यावरच होता.