राउटर मी कपाटातून बाहेर काढला

मैत्रिणींनो, आबा, म्हणजे माझे सासरे, आज माझ्याशी बोलत नाहीयेत. नसू देत.

आमच्या बमरोलीत कापड विणणाऱ्या लूमची धूळ उडते, म्हणून त्यांनी राउटर पुढच्या खोलीत लोखंडी कपाटात, कापड गुंडाळून ठेवलेला. मी मागे स्वयंपाकघरातून शिवणकामाचा ऑनलाइन क्लास घेते. तिथे रेंज कशी येणार?

सकाळी तो मधल्या भिंतीवर लावला, सेटिंगमध्ये लांब पोचणारा बँड निवडला. क्लास एकदाही अडकला नाही.

भिंतीवरून आलेली वायर दाखवत आबा म्हणाले, "पाव्हना येतस, हाई वायर बरी दिसस का?"

म्हटलं, "पाहुणे चहा पिऊन जातात, आबा. क्लास रोज असतो."

दुपारी राउटरवर पुन्हा आबांचं कापड. संध्याकाळच्या क्लासमध्ये मी त्याच कापडाची पिशवी शिवून दाखवली.

तुमच्याकडे राउटरची जागा कोण ठरवतं?