लातूरची फाईल नांदेडात उघडणारे मामू

काही बिघडलं की मामूंना आनंद व्हायचा. साधासुधा नव्हे, लग्नघरातला आनंद. प्रिंटरनं कागद गिळला, संगणकाचा पडदा काळा झाला, कुणी "मामू, बंद पडलं हो!" म्हणून ओरडलं, की ते खुर्चीतून उठता उठताच हात चोळायला लागायचे. "आला का मेहमान? बसवा, बसवा त्याला. दोन चहा सांगा." एक चहा त्यांचा, दुसरा बिघाडाचा. बिघाड पीत नाही म्हटल्यावर दुसराही तेच प्यायचे.

त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपटावर होतं. शिपायापासून मालक सरांपर्यंत सगळे मामूच म्हणत. त्यांच्या घरात दोन पिढ्या टाइपरायटर दुरुस्तीच्या. भूकंपानंतर लातूरकडच्या छावण्यांमध्ये याद्या टाइप करायची यंत्रं धुळीनं अडकायची, तेव्हा हत्यारांची पिशवी घेऊन मामू जे गेले ते चार महिने परतले नाहीत. त्याबद्दल ते फार बोलत नसत. एकदाच म्हणाले, "नावं टाइप होऊन राहिली पाहिजेत, मधी थांबू नयेत, एवढंच माझं काम होतं, मास्तर." पुढं टाइपरायटर गेले, संगणक आले. पहिल्या संगणकाला तेल कुठं घालायचं ते मामूंनी तासभर शोधलं, अशी गोष्ट आमच्या ऑफिसात फिरायची. ती पसरवली होती त्यांनीच.

मी एका खासगी क्लासच्या नांदेड शाखेत भौतिकशास्त्र शिकवायचो. तेव्हा लातुरात गल्लोगल्ली क्लासेस निघत होते आणि आमचं मुख्य ऑफिसही तिकडंच होतं. दर रविवारी दोन्ही गावांत एकाच वेळी एकच पेपर. त्या पेपरची फाईल लातूरच्या मशीनवर असायची. आम्ही नांदेडात बसून साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये ती उघडायची, इथं खोडायची, तिथं खोडली जायची. ही सोय मामूंनी बसवलेली. पहिल्यांदा लातूरची फाईल नांदेडच्या पडद्यावर आली तेव्हा या गृहस्थानं संगणकाच्या पाठीमागं जाऊन वाकून बघितलं. "काय बघताय, मामू?" "लातूर," म्हणाले आणि स्वतःच पोट धरून हसत सुटले.

फाईल उघडेना झाली, की त्यांचा क्रम ठरलेला. "आधी लातूर जागं हाय का बघा. मग दार उघडतंय का. मग आत फाईल हाय का. मग तिला हात लावायची आपल्याला परवानगी हाय का. आनि सगळ्यात शेवटी एडिटरला शिव्या द्या." आम्ही सगळे शेवटून सुरुवात करायचो. पण या सगळ्याच्याही आधी त्यांचा एक प्रश्न असे: "काल कुणी काय बदललं?" खरं सांगणाऱ्यावर ते कधीच रागवत नसत. उलट बिघाडाच्या वाट्याचा चहा त्याला मिळायचा. गणिताचे सर एकदा पासवर्ड बदलून स्वतःच विसरले होते. त्यांनी कबूल करताच मामूंनी उठून त्यांना मिठी मारली. "वा सर! दोन तास वाचवले माझे!" सर इतके खूश झाले की पुढच्या महिन्यात परत विसरले.

आता माझं. इतकी वर्षं हे कुणाला सांगितलं नाही, म्हणून जसं आहे तसं सांगतो.

एका शुक्रवारी मोकळा तास होता. लातूरच्या मशीनवर आमचं सगळ्यांचं मिळून एक खातं होतं. त्यात आत शिरलं की पडद्यावर आधी एक ओळ दिसायची, शेवटी 'आता लिहा' अशा अर्थाचं एक साधं चिन्ह; ती ओळ मी बदलली. रंगीत चांदण्यांची ओळ टाकली, खाली रोमन अक्षरांत "या मास्तर, बसा" असं स्वागत लिहिलं आणि शेवटचं साधं चिन्ह काढून तिथं बाण काढला. त्या खात्याच्या मांडणीला हात लावायचा नाही, अशी मालक सरांची सक्त ताकीद होती. पण मी पंचवीस वर्षांचा होतो आणि बाण मला फार आवडला होता.

शनिवारी दुपारी लक्षात आलं, की उद्याच्या पेपरात माझेच तीन प्रश्न चुकले आहेत. फाईल उघडायला गेलो तर एडिटर नुसता थांबून राहिलेला. ना हो, ना नाही. मामू हात चोळत आले. "काल कुणी काय बदललं?" त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "काही नाही, मामू."

त्यांनी क्रम सुरू केला. लातूर जागं होतं. एडिटर बाजूला ठेवून हातानं टाइप करत आत शिरले तर दार लगेच उघडलं, चांदण्या झळकल्या. "अरे वा! लातूरवाले दार रंगवून राहिले वाटतं! मास्तर, बघा, तुमचंच स्वागत!" फाईल होती, परवानगी होती. हातानं फाईल नुसती दिसत होती, खोडायला एडिटरच लागायचा आणि एडिटरमधून मात्र हूं की चूं नाही. नुसत्या चांदण्यांनी काय होतंय, असं मी मनाला सांगत होतो. आणि सांगितलं तर माझी कायमची नेमणूक जाईल, हेही सांगत होतो. "पाच मिनिटं द्या सर, उघडतो," असं मामू लातूरला फोनवर सांगत राहिले. त्या पाच मिनिटांत दुपार गेली. शेवटी मी फोनवर आकडे सांगितले, पलीकडच्या ऑपरेटरनं घात आणि वर्गमूळ भलतीकडंच बसवलं आणि पेपर छपाईला गेला.

रविवारी दोन्ही गावांत पोरं पेपर सोडून रडत बाहेर आली, मागोमाग पालक. मालक सर नांदेडला आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मामू, तुमचं वय झालं." मामू भांडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "हाव सर. डोकं चालंना आता." पिशवी उचलून गेले. सोमवारी मी गुपचूप चांदण्या आणि बाण पुसला. फाईल दोन सेकंदांत उघडली. माणसाला बाण काय नि चांदणी काय, सगळं कळतं. एडिटर मात्र बिचारा ओळखीचं चिन्ह दिसेपर्यंत दारात उभा राहिला होता.

मामू मेहुण्याच्या कापडाच्या दुकानात बसायला लागले. मी त्या रस्त्यानं जाणं सोडलं. नऊ वर्षं. आज ते नाहीत. पण त्याआधी एकदा मी त्यांच्या घरी गेलो आणि उभ्यानंच सगळं बोलून टाकलं.

मामू दोन्ही हात एकमेकांवर घासायला लागले. "बाण? अरे, त्या चांदण्या बघून मी खूश झालो होतो!" त्यांना हसू आवरेना. भाच्याचा संगणक मागवला, त्यालाच लातूर मानलं, माझ्याकडून तोच बिघाड तस्साच करून घेतला, एडिटर अडकला तशी टाळी वाजवली. "माझं डोकं ठीक होतं! सुनताय का, ठीक होतं!"

त्यांच्या पत्नी, मुमानी, दारात उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत. "नऊ वर्षं ह्यांनी घरातला रेडिओ उघडला न्हाई," त्या मला म्हणाल्या. "आपली अक्कल गेली म्हणून बसून राहिले. इथं सांगून काय उपयोग? ज्यांच्यापुढं ह्यांचं नाव गेलं त्या लातूरच्या मालकांना सांगा."

दुसऱ्याच दिवशी आम्ही तिघं लातूरच्या एसटीत होतो. तिघांच्या बाकावर मामू, मुमानी आणि मुमानींची पिशवी. मी दांडा धरून उभा. नांदेड सुटायच्या आत मामूंनी पुढच्या बाकावरच्याला गोष्ट सांगायला घेतली. मग मागच्याला. मग कंडक्टरला, हातवारे करून, चांदण्यांसकट. नऊ वर्षं जे मी एका माणसाला सांगू शकलो नव्हतो, ते पन्नास जणांना ठाऊक झालं. कंडक्टरनं विचारलं, "मग आरोपी कोणता?"

"हा काय, उभा हाय."

पागोटेवाले एक काका मला वरून खालपर्यंत न्याहाळून म्हणाले, "नऊ वर्षं पोटात ठिवलं? लईच दम हाय की, मास्तर." अख्खी गाडी हसली. मामू तर डोळे पुसत होते. "हसू नका रे," ते म्हणाले, "गुन्हेगार हाय, पण आपला हाय." मलाही हसू फुटलं.

अहमदपूर आलं. काही उतरले, काही चढले. मुमानींनी बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि खिडकीबाहेर बघतच मला म्हणाल्या, "बसा. लातूरला तुम्हालाच बोलायचंय."