मानेचं मला कळत नाही

वर्गानं मान हलवली की आमच्या सरांचं डोकं फिरायचं. बाकीचे प्राध्यापक "समजलं ना?" विचारत, डोलणाऱ्या माना बघत आणि सुखानं पुढच्या धड्याकडे वळत. हे मात्र खडू खाली ठेवत. "नंदीबैल हा काय रे तुमी? तोंडानं बोला. होय त होय म्हना, नाही त नाही म्हना. मानेचं मले कळत नाही." पोरांनी त्यांचं नाव 'बोला सर' ठेवलं होतं. एकदा कुणीतरी ते फळ्यावर लिहून ठेवलं. सरांनी पुसलं नाही. खाली स्वतःच्या अक्षरात जोड दिली : 'बोलतोच हाय. तुमी कवा बोलता?'

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं आणि आमच्या कॉमर्सच्या वर्गात मुली म्हणजे एका बाकावर मावतील एवढ्या. सर व्यापारी कायदा शिकवत. मी किन्हीराजाची, वाशीमला मावशीकडे राहून शिकत होते. आज माझी नातवंडं मला "आजी, जरा श्वास घे" म्हणतात, त्यांना खरं वाटणार नाही; पण मान हलवण्यात अख्ख्या कॉलेजात माझा हात, म्हणजे माझी मान, धरणारं कुणी नव्हतं. नायलॉनची साडी, तेल चोपडलेल्या दोन वेण्या, आणि चेहऱ्यावर असा भाव की जणू कायदा आमच्याच गोठ्यात जन्मला. सरांनी पहिल्याच आठवड्यात मला उभं केलं. "समजलं?" मी मान हलवली. "काय समजलं?" मी पुन्हा मान हलवली. वर्ग खो खो हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, "हे पोट्टी एक दिवस मानेनं फसंन."

त्यांची शिकवण्याची तऱ्हा न्यारी. मनिला शर्टाच्या खिशात फुटाणे असत. मूठ पुढे करून म्हणत, "घे." पोरानं घेतले की विचारत, "झाला करार?" "झाला, सर." "कायचा झाला! मोबदला कुठं हाय? हे त दान झालं. आन् दानावर हक्क सांगता येत नाही, लक्षात ठेवा." वर्तनातून स्वीकृती शिकवताना त्यांनी उदाहरणाला शिरपूरची यष्टी आणली. "गाडीत चढले, खिडकीपाशी बसले, आन् कंडक्टर आला की म्हनाल, मी त काही बोललोच नाही? बोलले नाही, पन चढले नं! तिकीट काढा!"

पण त्यांचं खरं तत्त्व एकच. गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे. मौन हे संमतीचं लक्षण, असं कुणी म्हटलं की ते उसळत. सर इंझोरीकडचे, बौद्ध कुटुंबातले. एकदा शिकवता शिकवता थांबले आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आमच्या आज्या-पणज्यायच्या गप्प बसन्याले गावानं पिढ्यान् पिढ्या होकारच समजला. छप्पन्न साली माह्या बापानं पहिल्यांदा मोठ्यानं 'नाही' म्हटलं. मी तवा शाळेत होतो. तो आवाज अजून कानात हाय." मग फळ्याकडे वळून म्हणाले, "चला, प्रस्ताव आन् प्रतिप्रस्ताव."

त्या दिवशीचा तास मला चांगला आठवतो, कारण त्यानंच माझा घात केला. सर म्हणाले, समोरच्याच्या प्रस्तावाला तुम्ही नवी अट जोडली की मूळ प्रस्ताव मेला. मी खूश! त्याच आठवड्यात घरून निरोप आला होता की मुलगी पाहायला पाहुणे येताहेत. मला शिकायचं होतं, परीक्षा द्यायची होती, खुर्चीत बसून नोकरी करायची होती; पण बाबांसमोर 'नाही' म्हणायची छाती नव्हती. आता कायद्यानंच हत्यार दिलं! अट घालायची, की प्रस्ताव आपोआप गार. पुढच्या तासाला दांडी मारून ही वकिलीणबाई किन्हीराजाला निघाली.

पाहुणे आले. पोहे झाले. मुलानं विचारलं, "काही विचाराचं हाय का?" मी पाठ केलेलं घडाघडा म्हणून टाकलं, "मी बी.कॉम. पूर्ण करीन आन् मंग नोकरी करीन, तरच." बाबांचा चहा मिशीत अडकला. मी मनात म्हटलं, मेला प्रस्ताव!

मुलगा म्हणाला, "मंजूर."

मी वाशीमला परत आले ती थेट सरांच्या दारात. सगळं ऐकून ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "अवं बाई, प्रतिप्रस्ताव समोरच्यानं मान्य केला की करार पक्का होते! तेच त शिकवलं दुसऱ्या तासाले. कुठं होतीस?"

"मुलगी दाखवाले गेल्ती, सर."

हसू थांबल्यावर त्यांनी विचारलं, "पोरगा कसा हाय?" मी मान खाली घातली. ते वाट बघत राहिले. शेवटी बोलावंच लागलं, "बरा हाय."

चार दिवसांत दुसरा निरोप आला. मुलाच्या वडिलांनी कळवलं होतं की शिक्षणाचं ते बोलण्यातलं बोलणं. लग्नानंतर सून कॉलेजात गेली तर लोक काय म्हणतील? सुपारीचा दिवस ठरला आहे. मी रडत पुन्हा सरांकडे. आता ते हसले नाहीत. "कायद्यात तुह्यासाठी काही नाही. लग्नाची अट मोडली म्हनून कोर्ट तुले परीक्षेले बसवनार नाही. पन चार मानसांत बोललेला शब्द गिळाले जड जाते. मी येतो. बोलाचं मात्र तुले."

सुपारीला सर यष्टीनं आले. आमच्या अंगणात सतरंजीवर दोन्हीकडची माणसं बसली होती. सरांचं गाव, आडनाव विचारून झालं आणि माझ्या काकूनं सगळ्यांना कपबशीतून चहा दिला, सरांपुढे वेगळा काढलेला जर्मनचा पेला ठेवला. मी दारामागून बघत होते. सर अगदी साध्या आवाजात म्हणाले, "काकू, हे मले मंजूर नाही. सगळ्यायच्या कपातला असन त घेतो."

बाबा जमिनीकडे बघत राहिले. आणि माझी आई, जी परक्या पुरुषांसमोर कधी आली नाही, ती डोक्यावरचा पदर सावरत बाहेर आली. त्याच संचातली कपबशी सरांपुढे ठेवली, पेला उचलला आणि आत गेली. एक अक्षर बोलली नाही. आणि मी मूर्ख दारामागे काय पुटपुटावं? "शिरपूरची यष्टी!"

सरांनी चहा संपवला. कुणीतरी विचारलं, "मंग, सगळ्यायची पसंती हाय नं?" माना हलल्या.

"थांबा," सर म्हणाले. "पोरीनं अट सांगितली होती, पोरानं मंजूर म्हटलं होतं. ते कायम हाय का, एवढंच विचाराचं होतं."

मुलाचे वडील तापले. "मास्तर, लग्न हाय का सौदा?"

"सौदा असता त कोर्टात गेलो असतो. लग्न हाय म्हनून ह्या अंगनात आलो."

बाबांनी दाराकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता. जुळलेली सोयरीक मोडली की बापाची मान खाली जाते, हे मला कळत होतं. पहिल्या वेळी बोलले ती चलाखी होती. या वेळी पळवाट नव्हती. मी बाहेर येऊन म्हटलं, "मी शिकीन. नोकरी करीन. नाही त सुपारी फोडू नका."

मुलगा उठला. "बाबा, मी मंजूर म्हटलं होतं. मी माह्या शब्दावर हाव."

त्याच्या वडिलांनी हातानंच 'फोडा' अशी खूण केली. सर तिथंच बसून म्हणाले, "तोंडानं म्हना."

"होय! होय, बाप्पा, होय! काय मास्तर हाय का कोन हाय!" आणि पहिल्यांदा अंगण हसलं.

त्याच वर्षाच्या शेवटी सरांना कॉलेजातून काढलं. त्यांचं हे बोला-बोला संस्थेच्या लोकांना फार दिवस खुपत होतं. त्यांनी सांगितलं, स्वखुशीनं सोडतो असं लिहून द्या, चांगला दाखला देतो. सर म्हणाले, "काढाचं असन त काढा. स्वखुशी माह्याजवळ नाही." आम्ही काही जण त्यांना यष्टी स्टँडवर सोडायला गेलो. मी नव्या नवरीची अक्कल पाजळली, "सर, लिहून दिलं असतं त दाखला त मिळाला असता." ट्रंक टपावर चढवत ते म्हणाले, "मंग शिकवलं काय मी तुले?" गाडी यवतमाळच्या वाटेला लागली. पुन्हा भेट झाली नाही. ते गेल्याचं कळलं तेव्हा त्यांना जाऊन बरेच महिने झाले होते.

शेवटच्या परीक्षेच्या वेळी तूर घरात येत होती. सासरे म्हणाले, "औंदा राहू दे." मी म्हटलं, "नाही." ह्यांनी माझी पिशवी उचलली आणि स्टँडकडे चालू लागले. मी पास झाले. फार गुण नव्हते, पण झाले.

मग एका सहकारी संस्थेत कारकून झाले. खुर्ची मिळाली, तीही तीन पायांवर डोलणारी. कागदावर अंगठा उठवायला माणसं येत. साहेब म्हणत, अंगठा घ्या, पुढचा बोलवा. मी आधी कागद वाचून दाखवायची, अथपासून इतिपर्यंत, आणि विचारायची, "कळलं का? मंजूर हाय का?" कुणी नुसती मान हलवली की पुन्हा पहिल्यापासून वाचायची.

साहेब केबिनमधून ओरडायचे, "बाई, रांग दारापर्यंत गेली!"

मी म्हणायची, "जाऊ द्या."