दोष पावडरचा

तेलाचा भाव पडून नोकरी गेली तेव्हापासून, टेक्सासच्या शुगर लँडमधले आमचे शेजारी काका गॅरेजमध्ये शिसं वितळवून रायफलच्या गोळ्या ओतायचे. साच्यातून निघालेली गोळी उजेडात फिरवून बघायची, बारीक सुरकुती दिसली की "नाही जमली" म्हणत परत भांड्यात टाकायची. शिकार त्यांनी कधीच केली नाही. निशाणाच्या कागदावरची पाच भोकं एका क्वार्टरच्या नाण्याखाली झाकली जावीत, एवढंच हवं होतं.

भोकं मात्र फाकतच होती. काका दर वेळी काडतुसातली पावडर बदलायचे. मला नेमबाजीच्या रेंजच्या फेऱ्यांचा कंटाळा आला होता, पण ड्राइव्ह मीच करायचो. काकांच्या हातून आताशा चहासुद्धा सांडायचा.

एकदा त्यांनी रायफल माझ्याकडे सरकवली. "तू मार रे. श्वास सोड आणि हळूच दाब."

मी जन्मात बंदूक धरली नव्हती. टेकूवर ठेवून पाच मारल्या. काका कागद आणायला गेले आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले. पाचही भोकं एकमेकांना चिकटली होती.

घरापाशी गाडीतून उतरताना काका म्हणाले, "पुढच्या शनिवारी पावडर जरा कमी करून बघू."

"बघू, काका," मी म्हटलं.