फिन म्हणजे कोण

लग्नानंतर दीडेक वर्षाने मी हॅम्बर्गला गेले. एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. हे तिथे जहाजांच्या इंजिनांवर डॉक्टरेट करत होते. संध्याकाळी घरी आले की हातपाय धुवायचे, जेवायचे आणि पेपर उघडून बसायचे. मी काही विचारलं तर 'हो', 'नाही' किंवा 'बघू'. स्वभावच अबोल, असं मी धरून चालले होते.

मग त्यांच्या प्रयोगशाळेत फिनलंडची एक मुलगी संशोधनाला आली आणि हे बोलायला लागले.

"अगं, गंमत माहीत आहे का," एकदा जेवताना म्हणाले, "हे लोक स्वतःला फिन म्हणतच नाहीत. सुओमालाइनेन म्हणतात. फिन हे नाव बाहेरच्यांनी ठेवलेलं."

सुओमालाइनेन. एवढा लांबलचक शब्द ह्यांनी न अडखळता उच्चारला. म्हणजे तिने तो घोटून घेतला असणार, आणि हे तिच्या तोंडाकडे बघत बसले असणार. मी तिला पाहिलंही नव्हतं, तरी हातातला घास मी ताटात परत ठेवला.

त्यानंतर रोज काही ना काही सुरू झालं. फिन म्हणजे शोधत हिंडणारे, 'सापडणे' अशा अर्थाच्या कुठल्याशा जुन्या शब्दावरून, असं काहीजण मानतात. काहीजण तो दलदलीच्या शब्दाशी जोडतात. नक्की कुणालाच माहीत नाही. नॉर्वेत तर रेनडिअर पाळणाऱ्या सामी लोकांनाच फिन म्हणायचे. हे सगळं सांगताना ह्यांचे डोळे चमकायचे. भाजीत मी दोनदा मीठ घातलं होतं, ते त्यांना कळलं नाही.

खालच्या मजल्यावर आमची घरमालकीण राहायची. तिच्याशी गप्पा मारून मी जर्मन शिकत होते. फिनलंडच्या माणसाला जर्मनमध्ये 'फिने' म्हणतात. मी तिला विचारलं, या शब्दाचा आणखी काही अर्थ आहे का.

"आहे की," ती म्हणाली. "डुकराच्या मांसात कृमीची अळी असते, ती फिने. माझी आई तोंडावरच्या पुटकुळीलाही फिनेच म्हणायची."

त्या दिवशी मी ह्यांची वाट बघत बसले. आल्या आल्या सांगितलं, "फिने म्हणजे डुकराच्या मांसातली अळी."

"खरंच?" ते खूश होऊन म्हणाले. "तिला सांगायला हवं. रविवारी जेवायलाच बोलावतो."

मी उठून धुतलेली भांडी पुन्हा धुतली.

ती आली. उंच, रुंद खांद्यांची, बोटांना वंगणाचे डाग, हातात राय नावाच्या धान्याचा काळा पाव. फार देखणी असती तर मला सोपं गेलं असतं. ती तशी नव्हती, म्हणजे ह्यांना तिचं बोलणंच आवडत होतं. पुऱ्या वाढत असतानाच ह्यांनी अळीची गोष्ट काढली. ती मनापासून हसली.

"हातोडीच्या निमुळत्या टोकालाही फिने म्हणतात," ती म्हणाली. "मला हातोडी चालेल. खरं तर आमच्या भाषेत मुळात फ नाहीच. माझ्या आजीला फिन हा शब्द धड म्हणताच यायचा नाही."

मग ती माझ्याकडे वळली. "तुमचं आडनाव तर ह्यांचं. तुमचं नाव काय?"

मी सांगितलं.

"जन्मल्यापासून हेच?"

"नाही. आमच्याकडे लग्नात नवरा ताटातल्या तांदळावर अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो."

"आणि आधीचं कोणतं होतं?"

मी तेही सांगितलं. ते एका रानफुलाचं नाव होतं. आईच्या माहेरी ओढ्याकाठी ती फुलं यायची आणि माझ्या वेळचे दिवस भरत आले तेव्हा ती त्या ओढ्यावर बसायची, म्हणून ते ठेवलं. मोडक्या जर्मनमध्ये मी एवढं सगळं बोलले. ह्यांचा हात ताटातच थांबला होता.

"हे मला ठाऊक नव्हतं," ते मराठीत म्हणाले.

"तुम्ही कधी विचारलंत?"

तिला काही कळलं नाही. ती आळीपाळीने आम्हा दोघांकडे बघत राहिली.

पुढे कुठेही भेटली की ती मला त्या जुन्या नावाने हाक मारायची. ऐकून बरं वाटायचं, आणि बरं वाटतं याचाच राग यायचा. माझ्या नवऱ्याने जे विचारायला हवं होतं, ते हिने पहिल्याच भेटीत विचारलं होतं. तिच्याविरुद्ध बोलायला जागा उरली नव्हती, पण माझं जळणं काही थांबलं नाही.

वसंत ऋतूत काम संपवून ती मायदेशी परतली. त्याच आठवड्यात ह्यांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून मला त्या जुन्या नावाने हाक मारली.

"त्या नावाने नको," मी म्हटलं. "ते तुम्ही तिच्यामुळे ऐकलंत."

त्यांनी पेपर उघडला नाही. दारातच थांबून म्हणाले, "मग लहानपणी घरात तुला लाडाने काय म्हणायचे?"

मी लगेच सांगितलं नाही. कणीक मळून झाकून ठेवली, ओटा पुसला आणि त्यांनी पुन्हा विचारायची वाट पाहिली. त्यांनी पुन्हा विचारलं.