पावण्यांना आधी जाऊ दे

मला बघायला आलेल्या मुलांपैकी एकच मला मनापासून आवडला होता. स्वयंपाक येतो का, नोकरी सोडणार का, असलं त्यानं काही विचारलं नाही. पोह्यांची बशी हातात धरून तो आमच्या पुढच्या खोलीतल्या कॉम्प्युटरकडे बघत होता. गेम कोण खेळतं, असं त्यानं विचारलं. आईनं घाईघाईनं माझ्या धाकट्या भावाकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, दोघंही खेळतो, आणि कुठला ते सांगितलं. तोंडाकडे चाललेला त्याचा चमचा मध्येच थांबला. तोही तोच खेळत होता. त्याची आई हे ऐकून माझ्याकडे जरा निरखून बघायला लागली, पण मला त्याचं काही वाटलं नाही. लग्न तिच्याशी थोडंच करायचं होतं.

खेळ साधा आहे. एक जण खुनी, बाकीचे चौघं त्याची शिकार. पडक्या गावात किंवा बंद पडलेल्या इस्पितळात जनरेटर विखुरलेले असतात. चौघांनी लपतछपत ते दुरुस्त करायचे. वीज आली की फाटक उघडतं आणि पळून जाता येतं. खुनी ज्याला पकडतो त्याला हुकाला अडकवतो. बाकीच्यांपैकी कुणी वेळेत येऊन सोडवलं तर ठीक, नाहीतर तो मेला. पाचही जण जगात कुठंतरी खुर्चीवर बसलेली खरी माणसं असतात, त्यामुळे भुताखेतांपेक्षा भीती जास्त वाटते.

कोल्हापूरकरांना हा खेळ मुळात जमायलाच नको. यात दबून बसायचं असतं, आणि ते आम्हाला कुणी शिकवत नाही. खुनी दिसला की माझा भाऊ लपायच्या ऐवजी रस्त्याच्या मधोमध उभा राहतो, "ये की, ये की" म्हणतो आणि मार खातो. एकदा त्याचा आरडाओरडा ऐकून शेजारच्या काकूंनी खिडकीतून विचारलं होतं, कोण गेलं म्हणून. मला हुकावर सोडून तर तो कितीदा एकटाच फाटकाबाहेर गेलाय, आणि वर जेवताना त्याची फुशारकी मारतो.

मुलगा मूळचा जयसिंगपूरचा, नोकरी पुण्यात, पगार आमच्या घरी दोनदा मोठ्यानं सांगून झालेला. त्यांना रविवारी निरोप द्यायचा होता. माझा होकार जवळजवळ ठरलाच होता. त्या आठवड्यात शिरोलीच्या फाउंड्रीत मी कास्टिंग तपासताना उगाच हसत होते. माझं कामच ते. भाग हातात घ्यायचा, भेग शोधायची, दिसली तर लाल रंगाची खूण करून बाजूला टाकायचा. त्याच्यात मात्र मी भेग शोधत नव्हते.

मग त्याचा मेसेज आला, आपण एकदा मिळून खेळूया का? मला फार आनंद झाला. एरवी अशी जोडपी रंकाळ्यावर जातात, भेळ खातात आणि तासभर दोघंही चांगलं वागतात. त्यातून कळत काहीच नाही. या खेळात तासभर चांगलं वागणं देवालासुद्धा जमणार नाही.

शनिवारी संध्याकाळी बसलो. भाऊ कॉम्प्युटरवर, मी लॅपटॉपवर, तो पुण्याहून. चौथा कुणीतरी अनोळखी, बहुधा परदेशातला, कारण तो शेवटपर्यंत अवाक्षर बोलला नाही. आईला पावण्यांचा आवाज ऐकायचा होता म्हणून आम्ही स्पीकर लावला. ती चहाचा कप घेऊन आमच्या मागं उभी राहिली.

आणि माझ्या भावाला काय झालं कोण जाणे. ज्या तोंडातून एरवी शिवीशिवाय शब्द निघत नाही, त्या तोंडातून पहिलं वाक्य निघालं ते "दाजी, काही लागलं तर सांगा" हे. अजून सुपारी फुटली नव्हती, होकारसुद्धा गेला नव्हता, आणि हा दाजी म्हणून मोकळा. पेटीत औषध सापडलं, ते दाजींना. टॉर्च सापडला, तो दाजींना. खुनी दाजींच्या मागं लागला तर हा मध्ये जाऊन आडवा पडायचा आणि म्हणायचा, "तुम्ही लपा की निवांत, मी अंगावर घेतो." लग्नाच्या हॉलवर मुलीकडचे लोक कमरेत वाकून फिरतात तसा तो त्या पडक्या इस्पितळात फिरत होता. मुलीकडचे आम्ही होतो, एवढं त्याला पुरेसं होतं. समोर कुऱ्हाड घेतलेला राक्षस होता, हा तपशील त्यानं मनावर घेतला नाही.

मला त्याचा राग येत नव्हता, हसू येत होतं. हसू थांबलं ते पाहुण्यांकडे बघून. त्यांना हे सगळं अगदी बरोबर वाटत होतं. आम्ही जनरेटरला हात काळे करतोय आणि हे कपाटाच्या आडोशाला उभे. मी म्हटलं, इकडं या, दोघांनी केलं तर लवकर होईल. त्यावर ते म्हणाले, मी लक्ष ठेवतो. लक्ष ठेवायला एवढा माणूस कशाला हवा, हे मी बोलले नाही. आपल्याकडं मांडव घालणारे घालतात आणि लक्ष ठेवणारे खुर्ची घेऊन बसतात, तसलाच प्रकार.

तरी जनरेटर झाले. चौथा बिचारा त्यातच मेला. दाजींना वाचवता वाचवता भाऊसुद्धा मेला, आणि मेल्यावर त्यानं दाजींनाच विचारलं, "तुम्हाला लागलं न्हाय न्हवं?" मी फाटक उघडलं आणि तेवढ्यात खुन्यानं मला धरून जवळच्याच हुकाला अडकवलं. खुनी दुसरीकडं निघून गेला. पाहुणे फाटकात उभे होते. अंगावर एक ओरखडा नाही, भावानं दिलेलं औषध तसंच हातात. चार पावलं मागं यायचं होतं. तेही केलं असतं तर मी त्याच्या सगळ्या लक्ष ठेवण्याला माफी दिली असती. मी त्याची वाट बघत होते, आणि ती खेळासाठी नव्हती.

तो थोडा वेळ उभा राहिला. भाऊ म्हणाला, "दाजी, अक्का हाय तिथं." मागून आई म्हणाली, "आरं, पावण्यांना आधी जाऊ दे."

पाहुणे गेले. बाहेर पडल्यावर त्याचा खूश आवाज आला, "निदान एक जण तरी सुटला, म्हणजे आपण जिंकलोच." मला वाईट वाटलं. राग नंतर आला, अंथरुणात पडल्यावर.

सकाळी त्यांचाच निरोप आला, मुलगी पसंत आहे. मी नको म्हटलं. वडील शेवटी बोलेल त्याच्या बाजूचे असतात, त्यांनी पेपर उघडला. आईनं कारण विचारलं, मी सांगितलं, त्याला जनरेटर दुरुस्त करायला नको. आई म्हणाली, हल्ली घरोघरी इन्व्हर्टर असतोय. मग मी हुकाचं सांगितलं, तर भाऊच भडकला. गेममधल्या गोष्टीवरनं कुणी स्थळ मोडतं काय, असं त्याचं म्हणणं.

"मी बी सोडून गेलतो की तुला," तो म्हणाला. "शंभरदा गेलतो."

"तुला घरात घेताना मला कुणी विचारलं नव्हतं," मी म्हटलं. "याच्याबद्दल विचारताय."

मी मनातल्या मनात लाल खूण केली. स्थळ आणलेल्या मामींना आईनं पत्रिका जुळत नाही असं कळवलं. पत्रिका आधीच जुळलेली होती आणि मामींनीच ती जुळवून आणली होती, पण नकार देताना एवढं खोटं सगळेच गोड मानून घेतात.

त्याच्या घरच्यांनी गोड मानलं नाही. आठवड्यातच नातेवाइकांत बातमी फिरली की मुलाकडच्यांनीच नको म्हटलं, मुलगी म्हणे कामावरून आली की माणसं मारायचे खेळ खेळते. खरं तर मी आजवर एकही मारलेला नाही, मी नेहमी मरणाऱ्यांतली. मामींचा फोन आला तेव्हा आई भाकरी थापत होती. हात पिठाचे, म्हणून फोन मी तिच्या कानाला धरला. मामी बराच वेळ बोलत होत्या. एवढी शिकलेली पोर, असले खेळ, आता दुसरीकडं सांगायचं तरी काय.

आता आई माझ्यावर घसरणार म्हणून मी तयारीत होते.

"खेळती की," आई म्हणाली. "त्यांचा पोरगा बी खेळतोय. आमची पोरगी अडकल्याली बघून एकटाच भाईर गेला, ते सांगितलं न्हाय व्हय त्यानं? मी मागं उभी हुते."

मामींना काहीच कळलं नसणार. कुठं अडकली, कशातून बाहेर, असं त्या विचारत राहिल्या. आईनं मान हलवून मला फोन बंद करायला सांगितलं. तव्यावरची भाकरी उलटली, आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "आणि आधी जाऊ दे म्हणून मीच सांगितलं."