लिफ्टच्या टपावरची चप्पल

तुमच्या घराण्यात साखर आहे का? की प्रेशर? आणि ‘आमच्या रक्तातच आहे’ असं म्हणून हात झटकायचे नि गोडाचा डबा जवळ ओढायचा, हे तुम्हीही करता का? खरं सांगा. मी ज्यांची गोष्ट सांगतेय, त्यांनी वर्षानुवर्षं तेच केलं. मग एकदम शहाणे झाले, आणि ते जास्त महागात पडलं.

आमच्या इमारतीत त्यांना लिफ्टमामा म्हणतात. एका कंपनीसाठी लिफ्ट दुरुस्त करणं हा धंदा. खिशात टेस्टर, मनगटात बांगडीसारखी काळ्या टेपची गुंडाळी. एखाद्या मजल्याचं दार बिघडलं की आधी पॅनलवरच्या त्या बटणावर टेप मारतात. मजला जिथल्या तिथे, वायरी शाबूत, पण बटण दाबता येत नाही म्हणून लिफ्ट तिथे थांबत नाही. एवढंसं काम, पण मामा अशा थाटात करतात की इमारत त्यांच्याच आजोबांनी बांधली असावी.

त्यांच्या वडिलांना साखरेची व्याधी होती. शेवटी पायाचा अंगठा काढावा लागला. मामांचीही साखर चाळिशीत निघाली. तेव्हापासून ते गोळ्या घेतात आणि वडिलांना दोष देतात.

“वारसा आहे हो,” ते म्हणत.

“वारशात घर नाही मिळालं, हेच बरं मिळालं,” मामी म्हणत. “रक्ताचं राहू द्या, ताटातलं बघा!”

मी वस्तीत आरोग्याच्या बैठका घेते. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना एकदा पार्किंगमध्ये बोलायला बोलावलं. लोक जांभया द्यायला लागले तशी बाईंची नजर मामांच्या मनगटाकडे गेली.

“लिफ्टच्या बटणावर ही टेप मारता ना? तुमच्या पेशीतही असंच असतं,” त्या म्हणाल्या. “जनुक म्हणजे बटण समजा. त्यावर मिथाइल नावाची बारीक चिकटपट्टी बसते. बटण तेच राहतं, पण बहुतेक वेळा गप्प होतं. याला म्हणतात मिथायलेशन. पट्टीचा माल येतो जेवणातून. पालेभाज्या, कडधान्यं, अंडी, दूध. म्हणून वारसा आला तरी सगळी बटणं दाबलेलीच असतात असं नाही.”

पुढेही त्या बोलल्या. कुठल्या खाण्याने कुणाचा कुठला आजार टळेल हे अजून कुणी छातीठोक सांगू शकत नाही. नको त्या बटणावर पट्टी बसली तरी घात होतो. आणि गोळ्या चालूच ठेवा. पण तोवर मामा कुठे होते? हवेत! आपली टेप विज्ञानात गेली म्हटल्यावर माणूस ऐकतो होय?

दुसऱ्या दिवसापासून मामांनी पालकाचा फडशा पाडायला घेतला. सकाळी पालक, संध्याकाळी पालक. औषधाच्या दुकानातून फॉलिक ॲसिडच्या, म्हणजे पालकातल्याच सत्त्वाच्या, गोळ्या स्वतःच आणल्या आणि शेंगदाण्यासारख्या तोंडात टाकू लागले. साखरेच्या गोळ्या? त्या कपाटात. “आता टेप आतूनच लागतेय,” म्हणे. जिन्यात भेटेल त्याला बटणाचं व्याख्यान.

“मामा, दवाखान्यात जाऊन विचारलंत का?” मी विचारलं.

“पुढारीणबाई, तुम्हीच बैठक घेतली ना? मग ऐकणाऱ्याचं कौतुक करा!”

माझं डोकं सटकलं. मी चार शब्द सुनावले, त्यांनी आठ. दोन महिने बोलणं बंद.

मग एका संध्याकाळी ते कामावरून घरी आले. मामींनी दार उघडलं, खाली पाहिलं आणि फिदीफिदी हसायला लागल्या.

“एक चप्पल घालून कुठल्या फॅशनला निघालात?”

मामांनी खाली पाहिलं. एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी, धुळीने माखलेला. तीन रस्ते ओलांडून आले होते. कळलंच नव्हतं.

मामींचं हसणं तिथेच थांबलं. त्यांनी मला हाक मारली. बोलणं बंद असलं तरी मी गेले. पायाला खडीचा काप गेला होता, रक्त सुकलं होतं, आणि मामा त्याच्याकडे शेजाऱ्याच्या पायाकडे बघावं तसे बघत होते.

“कधीपासून कळत नाहीये?” मी विचारलं.

“जरा बधिर आहे. बूट चावतात म्हणून चप्पल घालतो. असेल कुठेतरी.”

चप्पल सकाळी सापडली, तीन रस्त्यांपलीकडे मामांनीच आदल्या दिवशी दुरुस्त केलेल्या लिफ्टच्या टपावर. आमचा वॉचमन आणि मामांचा कामावरचा जोडीदार शोधायला गेले होते. म्हणजे त्या टपावर, तारांच्या शेजारी, खाली विहिरीसारखी पोकळी असताना, हा माणूस पावलाखाली काय आहे हे न कळता उभा होता. मामी चप्पल हातात घेऊन बसल्या. “वडिलांचा अंगठा गेला,” एवढंच म्हणाल्या. “तुम्ही तर अख्खेच निघाला होतात.”

त्या दिवशी मामा गुपचूप दवाखान्यात आले. डॉक्टरीणबाईंनी त्यांना डोळे मिटायला लावले आणि कापसाने पायाच्या बोटांना स्पर्श केला. मामा ज्या बोटाचं नाव घेत, ते नेमकं चुकीचं. रक्त तपासलं. साखर वर चढलेली आणि बी-१२ तळाला. मामा आजवर घेत आले ती साखरेची गोळी वर्षानुवर्षं घेतली की काहींचं बी-१२ कमी होतं. मामांनी ते कधी तपासलंच नव्हतं.

“पण मी तर पट्टीचा माल खात होतो!” मामा म्हणाले.

“तुम्ही नुसता कागद जमवला, गोंद कुठाय?” बाई म्हणाल्या. “फॉलिक आणि बी-१२ दोन्ही मिळून काम करतात. पालकात बी-१२ नसतं. शिवाय फॉलिकच्या भरमसाट गोळ्यांनी रक्त वरवर बरं दिसतं, आणि आत नसा झिजत राहतात.”

 

आता इंजेक्शनं झाली, गोळ्या कपाटातून बाहेर आल्या, पालकाच्या शेजारी अंडंही आलं. कंपनीने त्यांना तूर्त तक्रारींच्या फोनवर बसवलंय, आणि ते लोकांना फोनवरच असे झापतात की लिफ्ट भीतीने चालू होत असेल. अंगठ्याला थोडं कळायला लागलंय. बाकीच्या बोटांचं बाई सांगू शकत नाहीत. टपावर परत जायला मिळेल का, हे मामा रोज विचारतात आणि मामी रोज संध्याकाळी कापूस घेऊन त्यांची परीक्षा घेतात.

तुम्हीही एक करा. साखर असेल तर आज घरी गेल्यावर डोळे मिटून बसा, आणि घरातल्या कुणाला तरी हलकेच पायाच्या एकेका बोटाला हात लावायला सांगा; कुठलं बोट ते तुम्ही ओळखा. एक जरी बोट चुकलं, तर उद्या दवाखाना उघडताच दारात उभे राहा. आणि तोवर स्वतःच्या अकलेने चालू गोळ्या कपाटात टाकू नका, की नव्या सुरू करू नका.